बाझिलिशेक: कोंबडीएवढ्या राक्षसाची फिल्म, कामाच्या नोंदी

१४ जानेवारी

ॲनिमेशन फिल्मसाठी पोलंडमधली दंतकथा ठरली एकदाची. क्राकोवचा ड्रॅगन नाही, वॉर्साचा बाझिलिशेक. ड्रॅगनची गोष्ट इथे पोरासोरांना तोंडपाठ आहे, मेंढीच्या कातड्यात गंधक भरून गुहेसमोर ठेवलं, त्यानं ते गिळलं, आणि मग विस्वा नदीचं पाणी पिऊन पिऊन फुटला. वावेल टेकडीखाली त्याचा पुतळा आहे तो तर खरोखर आग ओकतो, खाली पोरं मोबाईल धरून उभी असतात. कीचेन, मऊ खेळणी, टीशर्ट सगळं होऊन गेलंय. आपण त्यात अजून काय भर घालणार.

बाझिलिशेकची गोष्ट १५८७ सालची म्हणून सांगतात. जुन्या वॉर्सात क्शिवे कोवो म्हणून एक वाकडा बोळ आहे, तिथे एक घर कधीच कोसळलेलं आणि त्याचं तळघर तेवढं शाबूत. सुऱ्या-तलवारी बनवणाऱ्या कारागिराचं लहान मूल आणि सोबतचं अजून एक पोर खेळता खेळता खाली उतरतात आणि परत येत नाहीत, शोधायला गेलेली मोलकरीण पण येत नाही. मग एक म्हातारा वैद्य सांगतो की खाली बाझिलिशेक आहे, त्याची नजर पडली की माणूस संपला. फाशीची शिक्षा झालेल्या एका सिलेशियाच्या कैद्याला विचारतात, खाली जा, जिवंत वर आलास तर माफी. तो अंगभर आरसे लावून उतरतो.

आणि मग त्या जुन्या हकिकतीत जनावराचं वर्णन येतं ते वाचून मी अक्षरशः उडाले. आकार कोंबडीएवढा. डोकं टर्कीचं, डोळे बेडकाचे, वर मुकुटासारखा तुरा, अंगावर चामखिळी आणि शेपूट वळून पुढे आलेलं. अख्खं शहर हादरवणारा राक्षस आणि काखेत मारून नेता येईल एवढा! आपली फिल्म हीच.

माणसं अशी: ॲनिमेशन मी, बॅकग्राउंड पुण्याची मैत्रीण, साऊंड ठाण्याचा आमचा नेहमीचा, संवाद दादा. सात मिनिटांच्या आत, मराठीत, खाली पोलिश सबटायटल.

१९ जानेवारी

बर्फात क्शिवे कोवोला जाऊन आले. बोळ चौकाच्या कोपऱ्यातून निघून वळत वळत जातो, उभं राहिलं की दुसरं टोक दिसत नाही, म्हणजे पोरं दिसेनाशी व्हायला एकदम फिट. पण रेफरन्सचा मोठा लोच्या आहे. १९४४ च्या जर्मनांविरुद्धच्या उठावात आणि त्यानंतर जर्मनांनी हे जुनं गाव पद्धतशीर उडवलं, पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त भाग गेला, आत्ता जे दिसतंय ते युद्धानंतर परत उभं केलेलं, मधला चौक १९५३ मध्ये खुला झाला. युद्धाआधी पोलिटेक्निकच्या लोकांनी घराघराची मोजमापं घेऊन ड्रॉइंग्ज केली होती आणि ती लपवून वाचवली, त्यांचा बांधताना फार उपयोग झाला. बेलोत्तो या चित्रकाराची अठराव्या शतकातली शहराची चित्रं पण वापरली. युनेस्कोनं १९८० मध्ये यादीत घेतलं ते या परत बांधण्यासकट.

तर मी ज्या भिंतीचे फोटो काढतेय ती माझ्या आईच्या वयाची आहे. आणि मूळ घरं वाचली असती तरी फायदा नव्हता, कारण १६०७ च्या आगीत चौकाच्या आसपासचं बरंच जळालं आणि नंतर नव्या पद्धतीनं बांधलं. आपल्याला पाहिजे त्याच्याही वीस वर्षं आधीचं गाव. मैत्रिणीला सांगितलं की रंगीत गुळगुळीत दर्शनी भिंती विसर, अरुंद आणि खोल घरं काढ, उघडी वीट, उतरती छपरं, आणि बोळात चिखल. चौकातली जलपरी पण नको, तिला फ्रेममध्ये घ्यायचा मोह मलाच होतोय पण तो पुतळा एकोणिसाव्या शतकातला आहे.

तळघरं मात्र खरी सापडली. वरचं सगळं पडलं तरी खालचं बरंच टिकलं. चौकाच्या उत्तर बाजूला म्युझियम ऑफ वॉर्सा आहे, अकरा जुनी घरं जोडून केलेलं, त्याच्या तळघरात उतरता येतं. विटा आपल्या विटांपेक्षा जाड, कमान एवढी खाली की उंच माणूस वाकणारच, आणि कुठलाच कोपरा काटकोनात नाही. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. एका पायरीवर बसून स्केच केलं तर गार्ड येऊन विचारून गेला की बरं वाटतंय ना.

२७ जानेवारी

मुलं मरतात त्याचं काय करायचं, यावर दादाशी रात्री उशिरापर्यंत फोन. जुन्या हकिकतीत मुलं मरतात, मोलकरीण मरते, सरळ. आता मुलांना सांगतात त्यात बहुतेक ठिकाणी नजरेनं दगड होतो, आणि कुठे मुलं वाचतात तर कुठे नाही. दादा शाळेत शिकवतो, त्याचं म्हणणं की पाच वर्षांच्या पोराला मेलेलं चालतं पण तसंच खाली टाकून दिलेलं चालत नाही, कुणीतरी त्यांना आणायला गेलं पाहिजे. पटलं.

ठरलं ते असं: झोशा आणि यूरेक ही दोन मुलं पिंपामागे पाठ करून बसतात, त्यांनी जनावर पाहिलेलंच नाही, फक्त पायांचा आवाज ऐकलाय. मोलकरीण काशामावशी कंदील घेऊन येते आणि ती दगड होते, हातातल्या पळीसकट. शेवटी जनावर मेल्यावर मावशी शिंकत जागी होते पण पळी दगडाचीच राहते. ही पळी दादाची कल्पना, मला भयंकर आवडली, कारण नाहीतर सगळं पुसून काही झालंच नाही असं होतं. शेवटच्या शॉटमध्ये मावशी त्याच दगडी पळीनं सूप ढवळतेय.

३ फेब्रुवारी

डिझाइन. इथे भांडण सुरू झालं.

एका ठिकाणी फिल्मसाठी थोडे पैसे मिळतात का बघत होते, तिथल्या माणसाने स्केच बघून पहिलं वाक्य काढलं ते म्हणजे याला मोठं करा, निदान मगरीएवढं, आणि शेवटी मारामारी टाका. पुण्याहून मैत्रीण पण म्हणे मुलं हसतील गं. हसू दे की! आधी हसली तरच नंतर टरकतील ना. मोठा राक्षस आला की मुलाला लांबूनच कळतं कुठे पळायचं. हा पायात येईपर्यंत दिसणारच नाही. पैसे काही मिळाले नाहीत, बरंच झालं.

आणि आकार लहान असणं हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात बासिलिस्क (बाझिलिशेक हे त्याचंच पोलिश नाव) लिहिलाय तो उत्तर आफ्रिकेतला साप आहे, बारा बोटांपेक्षा लांब नाही, डोक्यावर मुकुटासारखा पांढरा ठिपका. कोंबड्याचं अंग त्याला नंतर मध्ययुगात चिकटलं, कोंबड्यानं अंडं घालायचं आणि ते बेडकानं उबवायचं की झाला बासिलिस्क. लोक हे खरंच मानायचे, १४७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात अंडं घातलं म्हणून एका कोंबड्यावर खटला चालवून त्याला अंड्यासकट जाळलं होतं. यावर वेगळी फिल्म होईल, वकिलासकट.

तर अंग कोंबडीचं, त्यावर बेडकाच्या पाठीसारखी कातडी, पिसं फक्त मानेला आणि तीही झडल्यासारखी. तुरा मांसल, एका बाजूला कललेला. रंग हिरवा नको, हिरवा म्हटलं की खेळणं होतं. मळकट पिवळा आणि तुऱ्याला निळसर झाक.

९ फेब्रुवारी

आईला गावाकडून कोंबड्यांचे व्हिडिओ पाठवायला सांगितलं, तिने शेजारच्या काकूंच्या खुराड्यासमोर बसून एवढे पाठवले की फोन भरला. पण खजिना आहे हा. कोंबडी चालते तेव्हा डोकं आधी पुढे जातं, मग तिथेच हवेत थांबतं, खिळा ठोकल्यासारखं, आणि अंग मागून सरकत त्याच्याखाली येतं. परत डोकं पुढे, परत थांबा. डोकं थांबलेलं असताना तिला जग स्थिर दिसतं, म्हणून ती तसं करते.

हेच घ्यायचं. बाझिलिशेकचं डोकं जेव्हा थांबतं तेव्हा तो बघतोय. म्हणजे डोळे न दाखवता प्रेक्षकाला कळेल की आत्ता नजर आहे. नेहमीच्या ॲनिमेशनमध्ये आपण सगळं मऊ करतो, थांबताना पण थोडं तरंगत ठेवतो नाहीतर मेल्यासारखं दिसतं, इथे उलटं करायचं. अंग दोन फ्रेमला एक ड्रॉइंग, सेकंदाला बारा, आणि डोकं पूर्ण गोठलेलं, मग एका फ्रेममध्ये सटकन पुढे. टेस्ट केली, नवरा चहा घेऊन मागे उभा होता, म्हणाला बंद कर ते, घाण वाटतंय. चला, जमतंय म्हणायचं.

२२ फेब्रुवारी

स्टोरीबोर्डचा नियम भिंतीवर चिकटवलाय: कॅमेरा त्याच्या डोळ्यात बघणार नाही. कारण कॅमेऱ्याने बघितलं म्हणजे बघणाऱ्या मुलाने बघितलं, मग तो दगड का झाला नाही? मुलं असलं लगेच पकडतात. म्हणून पाठ, पाय, सावली, पिंपाच्या फटीतून शेपूट, भिंतीवर तुऱ्याची सावली आणि ती सावली बसल्या जागची मोठ्ठी, कंदील खाली ठेवलाय म्हणून. (मोठा राक्षस पाहिजे होता ना, घ्या, सावली घ्या.) डोळे फक्त एकदा दिसणार, आरशात, आणि तेही त्याला स्वतःला दिसतात तसे.

आता आरशाची गंमत. अंधारात आरसा कामाचाच नाही. उजेड जनावराच्या तोंडावर पडला पाहिजे तर आरशात त्याला तोंड दिसेल. म्हणजे कैद्याच्या हातात मशाल हवीच, जुन्या हकिकतीत पण एका हातात मशाल आणि दुसऱ्यात दाताळं आहे. पण मशाल पुढे धरली की तो स्वतः लख्ख दिसणार. त्याने डोळे मिटून उतरायचं, पायाने पायऱ्या चाचपत, आणि मशाल हात लांब करून बाजूला धरायची. यावरून अख्खा सीन बसला. झिजलेल्या पायऱ्यांचा क्लोजअप इथे वापरणार, त्याच्या अनवाणी पायाचा अंगठा त्या खोलगट जागेत बसतो, थांबतो, पुढची कड शोधतो.

२ मार्च

कैद्याने केलं काय होतं? दादाच्या वर्गात नुसती गोष्ट सांगून बघितली तर पहिला प्रश्न हाच आला. बऱ्याच ठिकाणी मुलांसाठी सांगताना कैद्याला काढून एखादा हुशार कारागीर पोरगा टाकतात, मला ते करायचं नाहीये, कारण ज्याला जगायला दुसरा रस्ताच नाही त्यालाच खाली पाठवतात ही गोष्टीतली सगळ्यात खरी बाजू आहे आणि मुलांना ती बरोबर कळते, वर्गात कुणाला पुढे ढकलतात हे त्यांना रोज दिसतं.

मग दादाने काढलं की तो आरसेचोर आहे. त्या काळी चांगला काचेचा आरसा व्हेनिसहून यायचा आणि सोन्यासारखा महाग, तेव्हा त्यासाठी फाशी हे पटण्यासारखं आहे. आणि मग तो आरसा न फोडता अंधारात कसा न्यायचा हे त्याला येतंच! नगराध्यक्ष विचारतो तुला काय हत्यार पाहिजे, तलवार, भाला? तो म्हणतो, "सरकार, मी चोरलेले तेवढे परत द्या." पूर्ण फिल्ममधला माझा सगळ्यात आवडता संवाद.

पोशाख: चामड्याचा अंगरखा आणि त्यावर आरशाचे तुकडे शिवलेले. मैत्रिणीला समजावताना सरळ सांगितलं की नवरात्रातला आभल्यांचा घागरा आठव, तसा पण मळका. प्रत्येक आरशात खरं प्रतिबिंब काढायला गेलं तर पुढच्या वर्षी पण फिल्म होणार नाही. म्हणून प्रत्येक तुकडा वेगळ्या लेयरवर, तीन छटा, गडद, मधली आणि झगझगीत, आणि मशालीच्या हालचालीप्रमाणे त्या बदलतात, शेजारशेजारचे दोन कधी एकदम चमकत नाहीत. खरं प्रतिबिंब फक्त छातीवरच्या मोठ्या आरशात.

२३ मार्च

ॲनिमेशन चालू. सांगण्यासारखं विशेष नाही, बसायचं आणि काढायचं. क्रिता सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग, ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये जोडणी. बॅकग्राउंड पुण्याहून येतायत आणि बाई सुंदर काम करतेय, तळघराची वीट प्रत्येक शॉटला तीच राहावी म्हणून तिने एक मोठी भिंतच रंगवलीये आणि त्यातून तुकडे कापतेय. कंदिलाचा उजेड वेगळा लेयर, तो जरासा थरथरता ठेवलाय पण डोकं थांबतं तेव्हा उजेड पण थांबतो. कारण काही नाही, बरं दिसतं.

फाइलना नावं नीट द्या रे बाबांनो. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" हे प्रकार बंद. सीन, शॉट, तारीख, बास.

६ एप्रिल

आवाज झाले. भाची झोशा, तिचा मित्र यूरेक, ठाण्यात गाद्या लावलेल्या खोलीत. साऊंडवाल्याने दोघांना खरंच पिंपामागे, म्हणजे गादीमागे, पाठ करून बसवलं आणि मागून तो नुसता बोटांनी फरशीवर टकटक करत चालला. त्याचा परिणाम असा:

"यूरेक, मागे बघू नकोस."
"मी नाही बघत. तू बघतेयस का?"
"मी पण नाही."
"मग आवाज कोणाचा आहे ते कसं कळणार?"
"नाही कळणार. गप बस."

शेवटच्या दोन ओळी लिहिलेल्याच नव्हत्या, पोरं बोलून गेली, ठेवल्या. मैत्रिणीची आई काशामावशी झालीये, शिंक एकदम अस्सल.

जनावराचा आवाज: दादाला फूत्कार पाहिजे होता, प्लिनीत तसंच आहे, त्याचा फूत्कार ऐकून बाकीचे साप पळतात. साऊंडवाल्याने कोंबडीचं ते रिकाम्या दुपारी लांबलचक "कॉऽऽक" करणं असतं ना, ते आईच्या व्हिडिओतून उचललं, खूप हळू केलं आणि त्यात ओलं चामडं पिळल्याचा आवाज मिसळला. संगीत तळघरात अजिबात नाही. वर चौकात ढोलकं-बासरी, खाली फक्त नखं.

२७ एप्रिल

इथल्या मराठी मंडळींच्या घरी कच्ची फिल्म दाखवली, सहा-सात पोरं, वय चार ते दहा, दोन पोलिश मित्रमंडळीतली. पाय दिसले तसा एक ओरडला, "ए ही तर कोंबडी आहे!" आणि सगळी खिदळली. मैत्रीण फोनवर ऐकत होती, म्हणाली बघ, सांगितलं होतं. मग मावशी दगड झाली. हसणं तिथेच थांबलं, आणि पुढच्या वेळी डोकं गोठलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघांनी डोळ्यावर हात घेतले. स्वतःहून! त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की बघायचं नाही. मागे एक मोठी मुलगी सगळ्यांना सूचना देत होती, आता बघा, आता नका बघू. मोठी माणसं मात्र शांत बसून बघत होती, म्हणजे सगळे दगड.

सगळ्यात लहानाने विचारलं अंडं कुठाय. बरोबर आहे, सुरुवातीला बेडूक अंड्यावर बसलेला दाखवलाय आणि नंतर टरफल कुठेच नाही. पिंपाशेजारी फुटकं टरफल टाकायचं, सोपं आहे. दहा वर्षांच्याला माफी मिळाल्यावर आरसे कुणाकडे गेले ते पाहिजे होतं. ते नाही सांगणार.

शेजारच्या पोलिश आजींना पण बोलावलं होतं. त्यांची तक्रार वेगळी, आरशाचा शॉट फार लवकर संपतो. जनावर स्वतःला पहिल्यांदाच बघतंय, त्याला वेळ द्या म्हणाल्या. त्यांनी हे सहज म्हटलं पण मी घरी येऊन तो शॉट लावून बसले. सध्या तो बघतो आणि लगेच दगड. त्याऐवजी डोकं थांबतं, मग जरासं तिरकं होतं, कोंबडी दाणा बघताना करते तसं, परत थांबतं, आणि मग तुऱ्यापासून राखाडी व्हायला लागतो. दीड सेकंद वाढेल. वाढू दे.

११ मे

आरशाचा शॉट परत काढला. डोळे शेवटी बेडकाचेच ठेवले, आडवी बाहुली, सोनेरी. मशालीचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, हे महत्त्वाचं, नाहीतर नजर फिरल्यासारखी वाटते. टरफल टाकलं. नगराध्यक्षाच्या भाषणातल्या दोन ओळी कापल्या, दादा रुसलाय, होईल बरा.

१८ मे

फिल्म झाली. सहा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद, नामावली धरून. पोलिश सबटायटल आजींनी बसून तपासली आणि तपासताना मुद्दा परत काढला की त्यांच्या लहानपणी बाझिलिशेक चांगला वासराएवढा होता, कोंबडी वगैरे काही नव्हतं, त्यांच्या आत्याने सांगितलंय. मी १५८७ च्या हकिकतीतलं वर्णन दाखवलं तर म्हणाल्या लिहिणारा तळघरात उतरला होता का? यावर मला काही सुचलं नाही.

सध्या बाकी: चौकोनी पोस्टर, भाचीच्या शाळेसाठी कमी साईजची फाइल, साऊंडवाल्याचे पैसे. दादाने जलपरीच्या गोष्टीचा मसुदा पाठवलाय, तो उघडलेला नाही, आधी हार्ड डिस्क रिकामी करायचीये.